नाकातली नळी आणि नानांची साक्ष

त्या सोमवारी सकाळपासून हवा नुसती कोंडलेली होती. दसरा होऊन गेलेला, पाऊस संपलेला आणि थंडीचा पत्ता नाही. कारखान्यांच्या बाजूनं धुरकं आलेलं. पारसिकचा डोंगर असा पुसट, की जणू कुणी ओल्या फडक्यानं पुसून काढलाय. झाडाचं पान हलत नव्हतं. आणि माझ्या पोटातलंही काही हलत नव्हतं! त्याला तर तिसरा दिवस लागला होता.

इस्पितळात चार दिवस काढले की किस्से असे साठतात, की घरी येताना औषधाच्या पिशवीपेक्षा त्यांचंच ओझं जास्त होतं. आता संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर बसलो की कुणीतरी म्हणतंच, "तात्या, तो नळीचा सांगा." मी विचारतो, "कुठला? नळीचे बरेच आहेत." मला घाई नसते. एकेक करून सांगतो.

* * *

मी मूळचा साताऱ्याकडचा. चाळीस वर्षं तुर्भ्याच्या मार्केटात पाठीवर कांद्याच्या गोणी वाहिल्या. आता वय झालं, ओझं उचलत नाही, पण रोज सकाळी जाऊन आमच्या हमालांच्या टोळीत बसतो. सवय! त्या सोमवारी तिथंच पोट धरून खाली बसलो.

आमच्या टोळीचा मुकादम रामा. माणूस सोन्यासारखा, पण डॉक्टरकीची फार हौस. म्हणाला, "तात्या, गॅस हाय निस्ता. सोडा पाजा!" सोडा पाजला. काही होईना. "एरंडेल द्या!" एरंडेल दिलं. तरी काही होईना, तर म्हणाला, "दोन केळी चारा. केळ्यानं मार्ग मोकळा हुतो."

मार्ग मोकळा झाला, पण वरचा! जे गेलं होतं ते सगळं बाहेर आलं, आणि वर हिरवं पाणी. मग रिक्षात घालून इस्पितळात आणलं.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं लहान, पण हात फार शांत. त्यांनी पोट बघितलं, उभं करून एक्स-रे काढला, पोटावरचा जुना वण बघितला. म्हणाल्या, "हे ऑपरेशन कधीचं?"

"अपेंडिक्स फुटलं होतं. पंधरा वर्षं झाली."

"त्याच जागी आतडं आतड्याला चिकटलंय बाबा. तिथं मुरड पडून रस्ता बंद झालाय. वरून येणारं सगळं मागं तुंबलंय. आज काही खाल्लं-प्यायलं नाही ना?"

रामानं छाती पुढं काढून सांगितलं, "सोडा, एरंडेल आन दोन केळी!"

मॅडमनी कपाळाला हात लावला. मी रामाला हळूच विचारलं, "रामा, मार्केटाच्या गेटात ट्रक आडवा झाला तर तू काय करतोस?"

"मागच्या गाड्या मागं काढतो."

"मग माझ्या गेटात मागनं तीन गाड्या कशाला घातल्यास?"

मॅडम हसल्या. "बाबा, अगदी बरोबर. आता तेच करायचं. मागच्या गाड्या मागं काढायच्या."

"कुठून?"

"नाकातून!"

* * *

नाकातून म्हणजे खरंच नाकातून. मॅडमनी नळी घेतली, नाकापासून कानापर्यंत आणि कानापासून पोटापर्यंत धरून माप घेतलं. शिंपी धरतो तसं. म्हणाल्या, "मी नळी सारत जाते, तुम्ही घोट गिळत जा. घाबरायचं नाही."

मी घाबरलो नाही. पाठीवर गोणी असताना श्वास कसा सोडायचा, ते आम्हाला आधी शिकवतात. तसाच सोडत राहिलो. डोळ्यांतून पाणी आलं, दोनदा ओकारी आली, आणि नळी पोटात पोचली. हिरवं पाणी आपलं आपण खालच्या पिशवीत यायला लागलं. इतकं आलं, इतकं आलं, की सिस्टरना पिशवी बदलावी लागली! पोट फुगून ढोल झालं होतं ते जरा सैल पडलं.

तेवढ्यात मागं धप्पकन आवाज झाला. बघतो तर रामा आडवा! उभ्या जन्मात शेकडो ट्रक रिकामे केलेला गडी, माझ्या नाकात नळी जाताना बघून भोवळ येऊन पडला.

सिस्टर मला सोडून त्याच्याकडं धावल्या. खुर्चीत बसवला, वारा घातला, साखर घालून गार सरबत पाजलं.

मला मात्र फर्मान, "तोंडानं आता काही नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही!"

* * *

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर होते बाळाराम नाना. इथल्याच जुन्या गावातले आगरी. तरुणपणी मिठागरात काम केलेलं, अंग अजून काळंभोर आणि घट्ट. माझ्या नाकातली नळी बघून त्यांनी पहिली ओळख केली ती अशी, "तुजी वरून काय? माजी खालून हाय!"

नानांच्या मोठ्या आतड्याला पीळ पडला होता. आदल्या दिवशी मॅडमनी दुर्बीण घालून, खालच्या मार्गानं नळी सारून तो पीळ सोडवला. नळी दोन दिवस तशीच ठेवलेली, पीळ परत पडू नये म्हणून.

"दुखलं का नाना?" मी विचारलं.

"दुखतं कसला! पोट नुसता हंडा झाल्ता. जीव चाल्लाच व्हता माजा. मॅडमनी नली घातली, आनि असा वारा सुटला, असा वारा सुटला! वाऱ्याच्या मागून बाकीचा पन सगला आला." नाना जरा थांबले. "मॅडम शानी बाय. आवाज आला तशी बाजूला सरली."

"मग?"

"मागं ट्रॉलीवाला मामा व्हता. तो नाय सरला."

तो मामा त्या वॉर्डातच कामाला होता. चार दिवसांत तो एकदाही नानांच्या खाटेच्या पायथ्याशी उभा राहिलेला मी बघितला नाही. काही लागलं तर उशाकडून यायचा!

* * *

मंगळवारी परत एक्स-रे काढला. गेट बंदच. मॅडम खाटेवर टेकल्या. माझी बायको सखू उशाशी होती, तिच्याकडं बघून बोलायला लागल्या.

"बाबांच्या हृदयाचं पंपिंग कमी आहे. भूल देणं जोखमीचं आहे. म्हणून ऑपरेशनच्या आधी अजून एक करून बघू. एक लांब नळी असते, पोटाच्या पुढं थेट आतड्यात जाते. आपल्याकडं फार वापरत नाहीत, पण तुमच्यासाठी मागवली. गुरुवारी सकाळपर्यंत वाट बघायची. रस्ता उघडला तर सुटलो. नाही उघडला, तर जोखीम घेऊन पोट उघडायचं."

सखू म्हणाली, "उघडलं ते कळायचं कसं?"

"गॅस पास झाला पाहिजे. वरून नाही, खालून. झाला की लगेच सिस्टरना सांगायचं."

झालं! एवढ्या मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांना ऐकू गेलं. तेव्हापासून जो तो येता-जाता विचारायचा, "काय तात्या, आली का बातमी?"

पहिली नळी काढली आणि दुर्बिणीच्या मदतीनं ती लांब नळी नाकातूनच घातली. तिच्या टोकाला पाण्याचा छोटा फुगा. आतड्याला वाटतं घासच आला, ते फुग्याला पुढं ढकलतं, आणि फुग्यामागं नळी जाते. म्हणून नाकापाशी ती घट्ट चिकटवायची नाही, सैल ठेवायची. नळीवर खुणा होत्या. सकाळी नाकाबाहेर असलेली खूण दुपारी नाकात गेलेली असायची.

नाना बसून बघत असायचे. बघता बघता म्हणाले, "तात्या, उपास सोसवत नाय म्हनून नली खातंस काय रं?"

मला हसूही येईना. हसलो की नळी हलायची.

* * *

बुधवारी सकाळी टोळी भेटायला आली. सहा जण. रामा सगळ्यांत मागं, खुर्ची जवळ ठेवून!

आता आमच्या टोळीची एक रीत आहे. खायचा माल उघड्या जमिनीला टेकवायचा नाही. खाली फळी नाहीतर बारदान पाहिजेच. नवा गडी आला की त्याला पहिली हीच गोष्ट शिकवतात. तर गप्पा मारता मारता एकाची नजर खाटेखाली गेली. माझ्या नळीची पिशवी तिथं अगदी खाली, जमिनीजवळ लटकत होती.

"आरं, तात्याची पिशवी पार भुईला लागलीया! कुणाचंच ध्यान न्हाई व्हय?"

मी पडलो होतो डोळा लागून, हे मला मागून कळलं. दोघांनी मिळून पिशवी अलगद उचलली आणि सलाईनच्या दांड्याला, सगळ्यांत वर, नीट दोरी बांधून टांगली. काम झाल्याच्या समाधानात गेले.

तासाभरात पोटात कळा. ओकाऱ्या. उतरलेलं पोट परत वर. सिस्टर धावत आल्या, वर बघितलं आणि ओरडल्या, "ही पिशवी कुणी वर टांगली? पाणी उताराला वाहतं हो, चढाला नाही!"

पिशवी खाली आली तसं पाणी परत चालू झालं. पण माझा एक तास वाया गेला.

नाना म्हणाले, "आमची सगली हयात मिठागरात पानी आत घेन्यात आनि भायेर सोरन्यात गेली. तुमच्या मार्केटात गोनी वर जाते, पानी खाली जातं, एवरा पन शिकवत नाय?"

रामाला फोनवर सांगितलं. तो तासाभरात परत आला. पिशवीच्या खाली कोऱ्या बारदानाचा तुकडा अंथरला आणि गेला. सिस्टरनी ते बारदान उचललं, उलटसुलट करून बघितलं, आणि त्या जागी इस्पितळाची धुतलेली चादर घडी करून ठेवली.

* * *

आता सखूचं सांगतो. मी तोंडात घास घालत नाही तोवर ती घालणार नव्हती. कुणी सांगितलं नव्हतं तिला. लग्न झाल्यापासून माझ्या आधी जेवलेली नाही, मग आता कशी जेवेल? सोमवार गेला, मंगळवार गेला. नुसता चहा. भाकरीचा डबा फडक्यात बांधून मांडीवर घेऊन बसायची.

मॅडम रागावल्या, "आजी, तुम्ही पडलात तर मला दोन खाटा लागतील!"

सखू म्हणाली, "एकीवरच झोपवा आमाला."

बुधवारी दुपारी ती उठली आणि एकदम खाटेचा दांडा धरून उभी राहिली. चक्कर आली होती. मी बघितलं. नानांनीही बघितलं. त्यांच्या सुनेनं आणलेली तांदळाची भाकरी त्यांनी पुढं केली, "वहिनी, खा गं दोन घास." सखूनं मान हलवली.

नाना गप्प बसले. नाना गप्प बसले की काहीतरी होतं, हे मला तेव्हा माहीत नव्हतं.

* * *

पाच मिनिटांनी आमच्या दोघांच्या खाटांमधून एक आवाज आला. बारका नाही. कोपऱ्यातल्या माणसानं पेपर खाली केला!

नानांची खालची नळी आदल्या दिवशीच काढली होती, आणि त्यांच्या पोटाला वाऱ्याची काही कमी नव्हती. पण ते उठून बसले आणि हात वर करून ओरडले, "सिस्टर! तात्याचा सुटला! मी साक्षी हाय!"

अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला. सखूनं वर बघून हात जोडले, फडकं सोडलं आणि तिथंच खाली बसून भाकरी मोडली. दोन दिवसांची भुकेली बाई. घास गिळताना तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं.

मला पक्कं माहीत होतं, तो आवाज माझा नव्हता. पण तिचं तोंड बघितलं आणि मी गप्प बसलो. चूक माझीच.

मॅडम आल्या. पोट दाबून बघितलं. नळीनं पाणी उपसलेलं, त्यामुळं ते मऊच लागलं. "छान! दोन तास नळी बंद ठेवून बघू," म्हणाल्या, आणि नळीला चिमटा लावला.

दोन तास कसले? दीड तासात पोट परत फुगलं. कळा, घाम, ओकारी. मॅडमनी चिमटा काढला, हिरवं पाणी धो धो आलं. माझं पोट उतरेपर्यंत त्या पिशवीवर नजर ठेवून होत्या. मग म्हणाल्या, "बाबा, खरं सांगा."

"मॅडम, तो माझा नव्हता."

"मग कुणाचा?"

शेजारच्या खाटेवर नाना डोक्यावरून चादर घेऊन पडले होते. चादरीच्या आतून आवाज आला, "त्याची बायको जेवत नव्हती ओ मॅडम."

मॅडम त्या चादरीकडं वळल्या. म्हणाल्या, "नाना, तुमच्या दयेपायी हे दगावले असते. उद्या सकाळी शेवटचं बघायचं. नाही उघडलं तर थिएटर. आता माझा कुणाच्या साक्षीवर विश्वास नाही."

सखूनं उरलेली अर्धी भाकरी परत फडक्यात बांधली. गाठ घट्ट मारली.

* * *

संध्याकाळी सिस्टर ऑपरेशनचा फॉर्म घेऊन आल्या. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं शिकलो ती गोणीवरचे मार्के बघून. त्यामुळं सही करायला मला वेळ लागतो. सिस्टर म्हणाल्या, "बाबा, अंगठा चालेल."

म्हटलं, "जीव माझा आहे, तर सही पण माझीच होऊ दे."

हळूहळू, एकेक अक्षर काढून केली.

नानांनी चादर खाली केली. चेहरा उतरलेला. "तात्या, माज्यामुलं तुजा पोट फारतील रं."

"नाना, आमच्या गेटात ट्रक कितीही अडकू दे, सकाळपर्यंत निघतोच. चाळीस वर्षांत मार्केट कायमचं तुंबलेलं मी बघितलं नाही. झोपा तुम्ही."

हे मी धीर द्यायला नाही बोललो. मला तसंच वाटत होतं. पिशवीत येणारं पाणी कमी झालं होतं, आणि हिरव्याचं पिवळं झालं होतं. गेटापाशी उभं राहून राहून आम्हाला कळतं, पुढची गाडी हलायला लागली की मागच्यांचा आवाज बदलतो.

* * *

गुरुवारी सकाळी ट्रॉली दाराशी लागली. तोच मामा घेऊन आलेला. मॅडम ऑपरेशनची टोपी घालूनच आल्या होत्या. सखू डबा मांडीवर घेऊन बसलेली.

मॅडम पोटाला हात लावणार, तेवढ्यात माझ्या पोटात गुरगुरलं आणि काहीतरी सरलं. फार नाही. चोरपावलानं.

"मॅडम," मी म्हटलं, "आत्ता झाला."

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. मग नानांकडं बघितलं.

नाना ताडकन उठून बसले. "गावदेवीची शपथ, माजा नाय!"

"कालसुद्धा तुम्हीच साक्ष दिली होती."

"काल खोटी व्हती. आजची खरी हाय!"

कोपऱ्यातला पेपरवाला म्हणाला, "मॅडम, मलाही तात्यांकडूनच आल्यासारखा वाटला." समोरचा म्हणाला, "छे, नानांकडूनच." वॉर्डात दोन पार्ट्या पडल्या! मामा ट्रॉलीला टेकून उभा.

मॅडमनी टाळी वाजवली. "बस! थिएटर थांबवायचं तर मला खात्री पाहिजे. नाना, उठा. बाहेर पॅसेजमधल्या बाकड्यावर बसा. दार लावून घ्या. बोलावल्याशिवाय आत यायचं नाही."

नाना उठले. एका हातानं पायजम्याची नाडी धरून, मान खाली घालून निघाले. दारात वळून माझ्याकडं एकदा बघितलं. दार लागलं.

मॅडम माझ्या पोटावर हात ठेवून घड्याळाकडं बघत बसल्या. "दहा मिनिटं देते बाबा."

पाच गेली. कुणी खोकलंसुद्धा नाही. वर पंखा तेवढा फिरत होता. सात गेली. सखूचा हात डब्याच्या गाठीवर. आठ गेली. मी डोळे मिटले आणि श्वास सोडत राहिलो, ओझं असताना सोडतो तसा. घाई केली नाही. आधी पोटात उजव्या बाजूला एक गाडी हलली. मग तिच्या मागची. मग तिच्या मागची.

पुढचं मी वर्णन करत नाही. एवढंच सांगतो, की या वेळेला मामा सरला!

मॅडमनी डोक्यावरची टोपी काढली. सखूनं डब्याची गाठ सोडली. कुणी काही बोलायच्या आत दार वीतभर उघडलं, आणि फटीतून नानांचं डोकं आत आलं.

"तात्या, ऐकलं मी! सांग त्या मॅडमला, मी भायेर हाय!"